मोल्सवर्थ, कँडी आणि आपले शास्त्री

अवघड इंग्रजी शब्द पाठ करायला आपण डिक्शनरी उघडतो. पण मंडळी, इंग्रजी-मराठी कोश मुळात केला कोणी? सुरुवात मोल्सवर्थने केली. प्रकृती ढासळल्याने तो १८३६ मध्ये मायदेशी गेला, मग थॉमस कँडीने काम पुरे केले आणि १८४७ मध्ये कोश छापून निघाला. दोघेही मूळचे लष्करातले, हे विशेष!

याच जोडीचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. त्यासाठी शब्द वेचायला आपली शास्त्रीमंडळी राबली. मुखपृष्ठावर नावे मात्र साहेबांचीच. मला हे फार खटकते. कारण इंग्रजी शब्दाचा अर्थ लागतो तो शेवटी मराठी शब्दानेच ना? या शास्त्र्यांचा स्वतःचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ मध्येच निघाला होता. त्यांतले एक होते जगन्नाथशास्त्री क्रमवंत.