न दिसणाऱ्या पदार्थाचा इतिहास

दहावीच्या वर्गात गुरुत्वाकर्षणाचा धडा चालू होता. ग्रहांच्या गती समजावून झाल्यावर मी सहज सांगून गेले की, विश्वातला बहुतेक पदार्थ आपल्याला दिसतच नाही. उर्दूत त्याला 'तारीक माद्दा' म्हणतात, मराठीत 'कृष्णद्रव्य'. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"टीचर, दिखताच नहीं, तो है करके मालूम कैसे पड़ा?"

मी दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले. तेवढ्यात घंटा झाली आणि मुली मधल्या सुट्टीला पळाल्या. माझे मात्र समाधान झाले नाही. त्या मुलीचा प्रश्न लहान नव्हता. जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी तो एकमेकांना विचारला आहे आणि त्याच्या उत्तराचा इतिहास बराच लांबचा आहे. हा लेख म्हणजे तिला थोडे उशिरा दिलेले उत्तर आहे.

एक ढगाळ डाग

इ.स. 964 च्या सुमारास इराणमधील इस्फहान येथे अब्दुर्रहमान अल-सूफी या खगोलशास्त्रज्ञाने स्थिर ताऱ्यांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. टॉलेमीची जुनी तारकासूची त्यांनी स्वतः आकाश पाहून तपासली आणि ताऱ्यांच्या तेजस्वितेची नव्याने नोंद केली. प्रत्येक तारकासमूहाची दोन चित्रे दिली. एक आकाशात दिसते तसे आणि एक खगोलावर दिसते तसे. देवयानी तारकासमूहाजवळ त्यांनी एक ढगाळ डाग नोंदवला. तारा नाही, तर ढगासारखे काहीतरी. उर्दूत तेजोमेघाला आपण आजही 'सहाबिया' म्हणतो, तो शब्द याच ढगाचा.

आपल्याकडे काही मंडळींना अशा नोंदी सापडल्या की, सगळे विज्ञान आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होते असे सांगण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. तो डाग म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच एक स्वतंत्र दीर्घिका आहे, हे सूफींना माहीत नव्हते आणि माहीत असल्याचा दावाही त्यांनी केला नाही. जे दिसले ते लिहिले, जसे दिसले तसे लिहिले. त्यांचा मोठेपणा त्यातच आहे.

तो डाग किती दूर आहे, हे कळायला जवळजवळ हजार वर्षे जावी लागली. 1923 साली एडविन हबल यांनी अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेतून देवयानीत एक रूपविकारी तारा शोधला. अशा ताऱ्यांवरून अंतर कसे काढायचे, याची किल्ली हेन्रिएटा लेविट या बाईंनी 1912 मध्येच देऊन ठेवली होती. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे सिद्ध झाले. आज तिचे अंतर सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे मानले जाते. ही देवयानी या कथेत पुन्हा येणार आहे.

एकदा सापडले, एकदा नाही

न दिसणाऱ्या वस्तूचा माग गुरुत्वाकर्षणावरून काढण्याची रीत मात्र त्याहून जुनी आहे. युरेनस हा ग्रह गणिताप्रमाणे चालत नव्हता. फ्रान्सच्या लव्हेरिए यांनी हिशेब मांडला की, पलीकडे एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढत असला पाहिजे. सप्टेंबर 1846 मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत त्यांनी सांगितलेल्या जागेजवळच नेपच्यून सापडला.

पुढे बुधाच्या कक्षेतही थोडी गडबड दिसली. 1859 मध्ये लव्हेरिए यांनी तीच युक्ती पुन्हा वापरली. बुधाच्या आत एक ग्रह असावा, असे ते म्हणाले. त्याला 'व्हल्कन' असे नावही मिळाले. लोकांनी तो पाहिल्याचे दावे केले. पण असा ग्रह नव्हताच. 1915 साली आइन्स्टाइन यांच्या नव्या सिद्धान्ताने बुधाची गती बरोबर समजावली. चूक मोजमापात नव्हती, गुरुत्वाकर्षणाच्या जुन्या नियमात होती.

या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवते. हिशेब जुळत नसेल तर दोन शक्यता असतात. एक तर काहीतरी आहे जे दिसत नाही, किंवा आपला नियमच अपुरा आहे. कृष्णद्रव्याचा सगळा इतिहास या दोन शक्यतांच्या मधून चालत आला आहे.

झ्विकी यांचा हिशेब

1933 साली फ्रिट्झ झ्विकी हे कॅलिफोर्नियात काम करणारे स्विस शास्त्रज्ञ अरुंधतीकेश तारकासमूहातील 'कोमा' नावाच्या दीर्घिकांच्या थव्याचा अभ्यास करत होते. त्यातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या की, दिसणाऱ्या ताऱ्यांचे वजन त्यांना बांधून ठेवायला पुरेसे नव्हते. थवा केव्हाच विखरून जायला हवा होता. झ्विकी यांनी निष्कर्ष काढला की, तिथे न दिसणारा पदार्थ भरपूर असला पाहिजे. जर्मन भाषेतील त्यांच्या लेखात 'काळोखी पदार्थ' या अर्थाचा शब्द आला. त्यांनी काढलेले प्रमाण दिसणाऱ्या पदार्थाच्या सुमारे 400 पट होते. त्या काळी दीर्घिकांची अंतरे चुकीची मोजली गेली होती, म्हणून हा आकडा फार फुगला. पण मूळ मुद्दा बरोबर होता.

तरीही चाळीस वर्षे त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. झ्विकी भांडखोर स्वभावाचे होते, हे एक कारण सांगतात. खरे कारण असे की, एका थव्यातली गडबड ही अपवाद म्हणून बाजूला ठेवता येत होती.

व्हेरा रुबिन

ज्या बाईंनी ती बाजूला ठेवू दिली नाही, त्यांची हकीकत मी वर्गात दरवर्षी सांगते. व्हेरा रुबिन यांचा जन्म 1928 चा. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या खगोलशास्त्र विभागात त्या काळी पदव्युत्तर शिक्षणासाठी स्त्रियांना प्रवेशच नव्हता. तो 1975 साली सुरू झाला. रुबिन यांनी कॉर्नेलमधून एम.ए. केले आणि जॉर्जटाउन विद्यापीठात संध्याकाळच्या वर्गांना जाऊन 1954 मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्या गाडी चालवत नसत. पती त्यांना सोडायला जात आणि गाडीतच बसून जेवत. मुलांना आईवडील सांभाळत. लग्नानंतर, घरचे आवरून रात्री अभ्यास करत मीही बी.एड. केले, म्हणून हा तपशील मला विज्ञानाच्या तपशिलाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

त्यांच्या प्रबंधाचा विषयही लक्षात ठेवण्याजोगा आहे. दीर्घिका आकाशात मुठीने उधळल्यासारख्या पसरलेल्या नाहीत, त्या घोळक्याने राहतात, असे त्यांनी दाखवले. त्याची तेव्हा दखल घेतली गेली नाही. 1965 मध्ये पालोमार वेधशाळेत निरीक्षणासाठी अधिकृत परवानगी मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. तोपर्यंतची सबब काय, तर तिथे स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नव्हते.

रुबिन आणि त्यांचे सहकारी केंट फोर्ड यांनी सूफींचाच तो ढग, म्हणजे देवयानी निवडली. सूर्यमालेत बुध सेकंदाला सुमारे 47 किलोमीटर वेगाने फिरतो, नेपच्यून फक्त साडेपाच. जितके दूर, तितका वेग कमी. देवयानीतही कडेचे तारे आणि वायू असेच हळू फिरायला हवे होते. 1970 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजमापात मात्र कडेचा वेग घटत नव्हता. तो सेकंदाला 200 किलोमीटरहून अधिकच राहत होता. रेडिओ दुर्बिणींनी आणखी बाहेर पाहिले, तिथेही तेच. पुढच्या दहा वर्षांत एकामागून एक दीर्घिका तपासल्या गेल्या आणि उत्तर बदलले नाही. आता अपवाद म्हणायला जागा उरली नाही. प्रत्येक दीर्घिका न दिसणाऱ्या पदार्थाच्या एका मोठ्या गोलात बसलेली असावी, हे बहुतेकांनी मान्य केले.

इथे शब्दाविषयी एक खुलासा करते. 'कृष्ण' काय किंवा 'तारीक' काय, दोन्ही शब्द थोडी दिशाभूल करतात. काळी वस्तू प्रकाश अडवते. हा पदार्थ प्रकाश अडवत नाही, शोषत नाही, परतवतही नाही. तो खरे तर शफ्फाफ आहे, काचेहून पारदर्शक.

सांगाडा आधी, घर नंतर

इथपर्यंत कृष्णद्रव्य म्हणजे फक्त न जुळणाऱ्या हिशेबातली भर होती. त्याचे खरे महत्त्व वेगळ्याच प्रश्नातून कळले. मुळात दीर्घिका तयार तरी कशा झाल्या?

विश्वाचे वय सुमारे 1380 कोटी वर्षे आहे. सुरुवातीची 3 लाख 80 हजार वर्षे ते इतके तप्त होते की, पदार्थ आणि प्रकाश एकमेकांत गुंतलेले होते. कुठे पदार्थ गोळा होऊ लागला की, प्रकाशाचा दाब त्याला परत पसरवून टाकी. मग विश्व थंड झाले आणि प्रकाश मोकळा झाला. तोच प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सर्व दिशांनी येतो. पेन्झियास आणि विल्सन यांनी तो 1964-65 मध्ये ओळखला. तो कमालीचा एकसारखा निघाला. त्यातली असमानता वर्षानुवर्षे सापडतच नव्हती. अखेर 1992 मध्ये 'कोबे' उपग्रहाने ती मोजली. ती होती साधारण एक लाखात एक भाग.

आता साधा गुणाकार करू. तेव्हापासून विश्व सुमारे 1100 पट पसरले आहे आणि पदार्थातील चढउतार साधारण त्याच प्रमाणात वाढतात. लाखात एकाचे हजारपट म्हणजे शंभरात एक. म्हणजे केवळ साधा पदार्थ असता, तर आजही विश्वात कुठे सरासरीहून एक टक्का दाट, कुठे एक टक्का विरळ, एवढाच फरक असता. दीर्घिका नाहीत, तारे नाहीत, पृथ्वी नाही आणि प्रश्न विचारणारी मुलगीही नाही.

उत्तर कृष्णद्रव्याने दिले. त्याचा प्रकाशाशी संबंध नाही, म्हणून प्रकाशाचा दाब त्याला पसरवू शकत नाही. साधा पदार्थ अडकून पडलेला असतानाच कृष्णद्रव्य गोळा होऊ लागले होते. प्रकाश मोकळा झाला तेव्हा आधीच तयार असलेल्या या खळग्यांत साधा वायू घरंगळत गेला, थंड झाला आणि तिथे तारे पेटले. घर बांधताना आधी सांगाडा उभा राहतो, मग भिंती येतात, तसेच हे झाले.

पण हे द्रव्य नेमके कसले? सोव्हिएत शास्त्रज्ञ झेल्दोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांना न्यूट्रिनो हा कण योग्य वाटत होता. तो प्रचंड वेगाने धावतो. त्यामुळे लहान गाठी पुसल्या जातात. आधी प्रचंड चपटे पापुद्रे बनतात आणि ते तुटून दीर्घिका होतात. दुसरीकडे 1982 मध्ये जेम्स पीबल्स यांनी आणि 1984 मध्ये ब्लूमेंथाल, फेबर, प्रिमॅक व रीस यांनी मंदगती, म्हणजे 'थंड' कृष्णद्रव्याची मांडणी केली. यात आधी लहान गाठी बनतात आणि त्या एकत्र येऊन मोठ्या होतात.

निवाडा संगणकाने केला. 1983 साली व्हाइट, फ्रेंक आणि डेव्हिस यांनी न्यूट्रिनोंचे विश्व संगणकात चालवून पाहिले. त्यातले थवे खऱ्या आकाशाशी जुळले नाहीत. 1985 मध्ये एफस्टाथिउ यांच्यासह त्यांनी थंड कृष्णद्रव्याचे विश्व चालवले, अवघ्या 32,768 कणांचे. ते बरेच जुळले. दरम्यान 1986 मध्ये प्रत्यक्ष आकाशाच्या एका चकतीचा नकाशा आला. दीर्घिका फेसाच्या बुडबुड्यांच्या कडांवर बसाव्यात तशा दिसत होत्या, मधे मोठमोठ्या पोकळ्या. 2005 च्या एका प्रसिद्ध संगणक प्रयोगात हजार कोटींहून अधिक कण होते. त्यातही तेच धागे, त्याच गाठी, त्याच पोकळ्या उमटल्या. डॉक्टरेटच्या प्रबंधात व्हेरा रुबिन यांनी ज्या घोळक्यांविषयी लिहिले होते, त्यांचे मूळ आता कळले.

पुण्यात

या इतिहासाचा एक धागा आपल्या पुण्यातही आहे. 'आयुका' या संस्थेत काम करणाऱ्या थानू पद्मनाभन यांचा विश्वातील रचनांच्या निर्मितीवरचा इंग्रजी ग्रंथ 1993 मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर वापरला गेला. याच संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर, ज्यांना मराठी वाचक विज्ञानकथाकार म्हणूनही ओळखतो, ते मात्र महास्फोटाच्या कल्पनेलाच शेवटपर्यंत, 2025 साली झालेल्या निधनापर्यंत, प्रश्न विचारत राहिले. एका छपराखाली दोन्ही मते नांदली, ही मला शिकण्यासारखी गोष्ट वाटते. 2017 मध्ये पुण्याच्याच शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने मीन राशीच्या दिशेला, सुमारे 400 कोटी प्रकाशवर्षे दूर, दीर्घिकांचा एक महाथवा शोधला गेला. त्याचे नाव 'सरस्वती'. न दिसणाऱ्या जाळ्यातली ती एक दिसणारी गाठ.

हिशेब अजून पुरा नाही

'प्लांक' उपग्रहाच्या मोजमापानुसार विश्वात साधा पदार्थ सुमारे 5 टक्के, कृष्णद्रव्य 26 ते 27 टक्के आणि उरलेली कृष्णऊर्जा आहे. 2019 साली पीबल्स यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. रुबिन यांना ते मिळाले नाही. 2016 च्या डिसेंबरात त्या गेल्या. चिलीच्या डोंगरावर त्यांच्या नावाची वेधशाळा उभी राहिली आणि जून 2025 मध्ये तिची पहिली छायाचित्रे प्रसिद्ध झाली.

मात्र कृष्णद्रव्याचा एकही कण आजवर निर्विवादपणे पकडता आलेला नाही. जमिनीखाली खोल बसवलेली अतिसंवेदनशील उपकरणे वाट पाहत आहेत. 1983 पासून मिलग्रोम आणि त्यांच्या बाजूचे काही शास्त्रज्ञ म्हणतात की, पदार्थ वगैरे काही नाही, गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलला पाहिजे. एकेका दीर्घिकेचा वेग त्यांना चांगला समजावता येतो. पण थव्यांचा हिशेब त्यांना जड जातो. 2006 मध्ये दोन थव्यांच्या टकरीचा अभ्यास झाला. तिथे वायू मागे अडकला होता आणि वजन पुढे निघून गेलेले दिसले. बहुतेक शास्त्रज्ञ त्यामुळे कृष्णद्रव्याच्या बाजूने आहेत.

हे सगळे मी गेल्या महिन्यात दोन तास घेऊन वर्गात सांगितले. नेपच्यून सांगितला, व्हल्कनही सांगितला. ती मुलगी शांतपणे ऐकत होती. शेवटी तिने पुन्हा हात वर केला.

"टीचर, और ये भी व्हल्कन निकला तो?"

मी म्हटले, "तर तेही कोणाला तरी मोजून दाखवावे लागेल. त्यासाठी अकरावीला विज्ञान घ्यावे लागते."

ती हसली. ज्युनियर कॉलेज दूर आहे आणि तिच्या घरी अजून काही ठरलेले नाही. येत्या रविवारी मी तिच्या अब्बांना भेटायला जाणार आहे.