मिरी, जातं आणि ओवी

काही वर्षांपूर्वी आम्ही नवरा-बायको लवासा पाहायला गेलो होतो. मुळशी तालुक्यात, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी, दासवे गावाच्या परिसरात वसवलेलं हे शहर. येताना तिथल्या एका छोट्या दुकानातून स्वस्तातली एक लाकडी ‘पेपर मिल’ घेतली. शेजारच्या काकूंना वाटलं, आम्ही कागदाचा कारखाना काढतोय!

वस्तू साधी. पोटात मिरी भरायची, लाकडी डोकं फिरवायचं, की आतल्या दात्यांत दाणे भरडले जाऊन ताटात पडतात. वरची चकती आवळली की पूड बारीक, सैल केली की जाडसर. ती चकती आपोआप सैल होते, एवढीच तिची खोड. पण मिरीचा वास तिच्यातल्या उडून जाणाऱ्या तेलाचा असतो. म्हणून ताज्या भरडीची सर डब्यातल्या पुडीला येत नाही.

यंत्राचं रूप विलायती. फ्रान्समधल्या प्यूजो कंपनीनं १८७४ मध्ये मिरीची अशी चक्की बाजारात आणली, मोटारी नंतरच्या. मिरी मात्र आपल्या मलबारची. तिच्याच ओढीनं पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला पोचले. पुढे अमेरिकेतली मिरचीही त्यांच्याच काळात इकडे आली आणि तिनं मिरीचं नाव घेऊन मिरीचीच जागा बळकावली. त्याआधी आपल्या जेवणातला तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्याचा होता.

ही चक्की फिरवताना मला आमचं जातं आठवतं. दोन कठीण चकत्या, मध्ये दाणा, वर लाकडी मूठ. तत्त्व एकच, पण ही चक्की मुकी आहे. जातं फिरायचं ते गाण्यावर.

विजापूरच्या सूफींनी हे नेमकं हेरलं. बायका दळताना गातात, तर आपला विचार त्याच गाण्यातून सांगावा, म्हणून त्यांनी दखनीत ‘चक्कीनामे’ रचले. त्यात जात्याच्या उभ्या खुंट्याला अलिफ या अक्षराची उपमा आहे. इकडे मराठी घरांत त्याच खुंट्याला धरून ओवी चालली होती. भाषा दोन, जातं एकच.

लवासा ज्या मुळशीत आहे, तिथल्याच डोंगरी गावांत १९८० च्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी बायकांच्या ओव्या टिपायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांत विठोबा आहे, भाऊराया आहे, सासुरवास आहे, बाबासाहेबही आहेत. ज्यांना कुणी कधी लेखणी दिली नाही, त्यांनी दगडापाशी बसून रचलेलं हे वाङ्मय.

गिरणी आली याचं मला दुःख नाही. माझ्या अम्माच्या तळहातावरचे घट्टे मी पाहिले आहेत. पहाटे तीनला उठून पायली-पायली दळणाऱ्या बाईला जात्याचं कौतुक ऐकवणं हा उद्धटपणा होईल. पण कष्ट गेले, त्यांच्याबरोबर गाणंही गेलं. आणि ते जाताना माझ्यासारखे शिकलेले लोक शेजारच्या खोलीत झोपलेले होते.

मी पुढे बी. ए. झालो, कवी म्हणवून घेऊ लागलो. अम्माच्या मांडीवर डोकं ठेवून पहिली लय ऐकली ती जात्यावर. तिची एकही ओवी मी लिहून ठेवली नाही. आज मिरी दळताना चाल आठवते, शब्द आठवत नाहीत.

तुमच्या घरी कुणी जाणती आजी असेल, तर वही घेऊन तिच्यापाशी बसा. आजच बसा.