पाचवा डाउन: रेफरी चुकला, मग कोचने काय केलं?

आजचा भाग अमेरिकन फुटबॉलवर. हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जातात ना, तो खेळ. कोचने रेफरीशी कसं वागावं, यावर तिथे शाळांच्या मॅचेसपासूनच वाद असतात. कोच जास्तच आरडाओरडा करायला लागला, तर त्याच्या टीमला १५ यार्डांचा दंड बसतो. पण दंडाला घाबरून गप्प बसणं म्हणजे खिलाडूवृत्ती नव्हे. ती काय असते, हे कॉलेजच्या दोन मॅचेसमधून छान कळतं.

आधी नियम. बॉल ज्यांच्याकडे असतो, त्यांना पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. एक प्रयत्न म्हणजे एक डाउन. चारांत जमलं नाही, की बॉल समोरच्यांचा.

१६ नोव्हेंबर १९४०. न्यू हॅम्पशरमधलं हॅनोव्हर गाव. डार्टमथ विरुद्ध कॉर्नेल. कॉर्नेल सलग १८ मॅचेस हरलेलं नव्हतं, पण आज शेवटचं मिनिट आलं तरी ०-३ ने मागे होतं. गोल लाइन सहा यार्डांवर. तीन वेळा बॉल घेऊन घुसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. चौथ्या डाउनला पास टाकला, तोही वाया गेला. खेळ खल्लास. पण रेफरी रेड फ्रीझेल यांची मोजणी चुकली आणि त्यांनी कॉर्नेलला अजून एक डाउन दिला. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, काउंटर एकने वाढवायचा राहिला. त्या पाचव्या डाउनवर कॉर्नेलने टचडाउन केला आणि ७-३ ने मॅच जिंकली.

सोमवारपर्यंत मॅचची फिल्म तपासून झाली. पाच डाउन, स्पष्ट दिसत होते. आता गंमत बघा. मॅच संपल्यावर निकाल बदलायचा अधिकार रेफरीलाही नव्हता. म्हणजे फ्रीझेल गप्प बसले असते, तरी चाललं असतं. पण त्यांनी जाहीरपणे सांगितलं, चूक माझी. आणि कॉर्नेलचे कोच कार्ल स्नेव्हली यांनी तार करून, कुठलीही अट न घालता, विजय डार्टमथला देऊन टाकला. वर अभिनंदनही केलं! रेकॉर्डमध्ये आजही डार्टमथ ३, कॉर्नेल ० असंच आहे. याचं बक्षीस काय मिळालं? काहीच नाही. पुढच्याच मॅचमध्ये कॉर्नेल पेनकडूनही हरलं.

आता दुसरी मॅच. ६ ऑक्टोबर १९९०, कोलंबिया, मिसुरी. कोलोराडो विरुद्ध मिसुरी. अगदी तोच बग! डाउनचा आकडा दाखवणारी पाटी बदलायची राहिली, कोलोराडोला पाचवा डाउन मिळाला आणि शेवटच्या क्षणी ते ३३-३१ ने जिंकले. कोलोराडोची बाजूही ऐका. खऱ्या चौथ्या डाउनला त्यांनी घड्याळ थांबवायला बॉल मुद्दाम जमिनीवर आपटला होता. पाटी बरोबर असती, तर असं कोण करेल? मुद्दा खोटा नाही. पण कोच बिल मॅकार्टनी यांनी मॅच सोडली नाही, उलट मैदान निसरडं होतं अशी तक्रार केली. रेफरी मंडळी निलंबित झाली. कोलोराडो त्या सीझनला एपीच्या यादीत देशात पहिलं आलं. मॅकार्टनींनी खेद व्यक्त केला, पण कितीतरी वर्षांनी.

दोन्हीकडे चूक सेम आणि नियमही कोचच्याच बाजूने. मला यातून एवढंच दिसतं: १९४० मध्ये चुकीची किंमत रेफरी आणि कोच दोघांनी वाटून घेतली. १९९० मध्ये ती एकट्या रेफरींनी भरली, आणि फायदा कोचकडे राहिला.

शाळांच्या बहुतेक मॅचेसमध्ये आजही रिप्ले नसतो. तिथे रेफरीने 'चुकलो' म्हणावं असं वाटत असेल, तर ते ऐकून घेणारा कोच आधी हवा. आपल्या विरोधात गेलेल्या निर्णयावर सगळेच ओरडतात हो. आपल्याला फुकट मिळालेल्या पाचव्या डाउनचं आपण काय करतो, खरी परीक्षा तिथे आहे.

तुम्ही स्नेव्हलींच्या जागी असता, तर तार केली असती का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!