चांद्याले जातो, चंद्रपूरले नाही

आमच्या सिंदेवाहीच्या स्टेशनवर कोणालाही विचारा, "कोठी चालले गा?" उत्तर येते, "चांद्याले." तिकिटावरही 'चांदा फोर्ट' असेच छापून येते. चंद्रपूर नावाचे स्टेशन त्याच शहरात आहे, पण ते दुसरे, वर्धा-बल्लारशाह लाईनवरचे. नवखा माणूस इथे हमखास चुकतो.

१९६४ च्या सुमारास चांद्याचे अधिकृत नाव चंद्रपूर झाले. पण जुने नाव काही गेले नाही. भद्रावतीची आयुध निर्माणी 'चांदा'च राहिली, वनखात्यात 'मध्य चांदा' विभाग आहे. आणि अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी 'चांदा ते बांदा' आहेच. बांदा म्हणजे सावंतवाडीजवळचे, गोव्याच्या वेशीवरचे गाव. काही वर्षांपूर्वी सरकारने याच नावाची योजना काढली, ती मात्र चंद्रपूर आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांसाठी! म्हणीत सारे राज्य, योजनेत नुसती दोन टोके.

तसे बघितले तर आज पूर्वेचे टोक गडचिरोली आहे. मग म्हण चुकली का? नाही. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत गडचिरोली चांदा जिल्ह्यातच होती. पार इंद्रावतीपर्यंत चांदाच.

हे सगळे आठवायचे कारण पुतण्याची फाईल. पोरगा पश्चिम महाराष्ट्रात शिकायला गेला. जातीच्या दाखल्यासोबत पणजोबाच्या कोतवाल पंजीची नक्कल जोडली होती. त्यावर 'जिल्हा चांदा, मध्यप्रांत'. तिथले बाबू म्हणाले, चांदा तर नगर जिल्ह्यात, नेवाशाकडे आहे, तुम्ही चंद्रपूर लिहिता, कागद जुळत नाहीत. नेवासे तालुक्यात चांदा नावाचे गाव आहे हे खरे, त्यांचेही अगदीच चुकले नाही म्हणा. पण पोराला दोन चकरा पडल्या.

आता यात आमचा पणजोबा काय करणार? १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६१ ला मध्यप्रांत झाला. १९५० ला मध्यप्रदेश, १९५६ ला मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र. माणूस आपल्या बांधावरच उभा आणि त्याच्या कागदावरचे राज्य बदलत गेले. चांदा तेवढा कायम होता, तोही शेवटी बदलला.

जंगलातल्या लोकांसाठी हे अजून अवघड आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात बिगर-आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे जंगलातले वास्तव्य दाखवावे लागते. म्हणजे १९३० पर्यंत मागे जा. त्या काळच्या कागदावर गडचिरोली जिल्हा कुठून येणार? धानोरा असो की सिरोंचा, वर 'चांदा'च लिहिलेले राहणार. कुरखेड्याच्या म्हाताऱ्याने असा कागद पुढे केला तर समोरच्याला दोन्ही गोष्टी ठाऊक पाहिजेत: चांद्याचे चंद्रपूर झाले, आणि चंद्रपुरातून गडचिरोली निघाली.

म्हणून सांगतो, पेटीतल्या जुन्या कागदावर 'चांदा' दिसला तर तो फालतू म्हणून फेकू नका. अर्जातच एक ओळ लिहा, 'पूर्वीचा चांदा जिल्हा'. गडचिरोलीकरांनी जिल्हा विभाजनाचे वर्षही टाकावे. पुतण्याने तिसऱ्या चकरेत तसेच लिहून दिले. कागद घेतले त्यांनी.