सनई-हलगीच्या ताफ्याची कुळकथा

भीमा नदीवरच्या उजनी धरणाच्या काठी करमाळा, माढा आणि इंदापूर तालुक्यांतल्या गावांत जत्रेचा छबिना निघाला की पालखीपुढे सनई-हलगीचा ताफा लागतो. एक सनई चाल वाजवते, दुसरी नुसता सूर धरते, हलगी किंवा डफ ठेका देतो. माणसे पुरली तर घुमके आणि कैताळ ही साथीची वाद्येही असतात.

सनईचे मूळ इराणी सुरनाईत सांगतात. सुलतानी अमलात ती नगारखान्यातून राजाच्या इभ्रतीसाठी वाजे. मराठेशाहीत गडांवर आणि मोठ्या देवस्थानांत चौघडा झडू लागला. खेड्याला नगारखाना कुठला परवडायला? तिथे नगाऱ्याचे काम खांद्याला अडकवून चालता येणाऱ्या हलगीने केले. वाजवणारे मुख्यतः होलार आणि मातंग. मोबदला खळ्यावरच्या धान्याचा, म्हणजे बलुत्याचा; मान मात्र वाजपापुरताच.

सूर धरणाऱ्याचे काम बाहेरून सोपे दिसते. त्याच्या सनईची बरीच भोके मेणाने बुजवलेली असतात. गालांत हवा साठवून तो ती फुंकत राहतो आणि त्याच वेळी नाकाने श्वास ओढतो, म्हणून सूर तुटत नाही. स्कॉटलंडच्या बॅगपाइपमध्ये हेच काम काखेतल्या पिशवीकडे असते आणि सूर वेगळ्या नळ्या धरतात. हायलँडर पलटणींबरोबर ते वाद्य हिंदुस्थानी लष्करात आले आणि टिकले. स्कॉटलंडमध्ये पाइप आणि ड्रमच्या पथकांची संघटना 1930 मध्ये झाली, जागतिक स्पर्धा 1947 पासून. परीक्षक पाइप, ड्रम आणि एकूण मेळ यांचे मूल्यमापन वेगवेगळे करतात.

भीमाकाठी चुरस असते, गुणपत्रिका नसते. दोन ताफे समोरासमोर आले की सनईवाल्याचा दम आणि हलगीवाल्याचा हात पाहिला जातो. हलगीचे कातडे सैल पडले की पाचट पेटवून ती शेकायची, टिचकी मारून आवाज पाहायचा आणि पुन्हा उभे राहायचे. लय चढत जाते. कौल बक्षिसाच्या नोटांतून मिळतो. या पद्धतीत बारकाव्यापेक्षा जोराला भाव जास्त, हेही खरे.

धरण 1980 मध्ये पुरे झाले. जुनी गावठाणे त्याच्या यशवंतसागर जलाशयाखाली गेली, देव नव्या गावठाणात आले. बलुते त्याआधीच मोडत चालले होते. उसाचा पैसा आल्यावर रोख सुपारीची रीत पक्की झाली. पण त्याच पैशाने लग्नाच्या वरातीत ब्रास बँड, मग बेंजो आणि शेवटी डीजे आणला. सनईला त्यात जागा उरली नाही. सोलापूर-अक्कलकोटकडची आखूड सुंदरी तेवढी जाधव घराण्याने शास्त्रीय मैफलीत नेली. हलगीचे बरे चालले आहे. कुस्तीच्या फडात मल्ल खडाखडी करू लागले की अजून तीच लागते, आणि तिथे तिला सनईची गरज पडत नाही.