युद्धोत्तर अफगाणिस्तानातील सिंचनाचे पुनरुज्जीवन आणि संगणकीय नकाशे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
अफगाणिस्तान हा अल्प पर्जन्याचा, परंतु कृषिप्रधान देश आहे. नद्यांचे पाणी पाटांनी आणि डोंगरपायथ्याचे भूजल ‘कारेझ’ या भूमिगत बोगद्यांनी शेतापर्यंत नेण्याची तेथील परंपरा प्राचीन आहे. डिसेंबर १९७९ मधील सोव्हिएत आक्रमणापासून २००१ पर्यंतच्या संघर्षात ही व्यवस्था मोडकळीस आली. काबूलच्या उत्तरेकडील शोमाली मैदानात तालिबानने १९९९ मध्ये द्राक्षमळे जाळले व सिंचनाची साधने उद्ध्वस्त केली.

नकाशांचे साहाय्य :
२००२ मध्ये दहा लाखांहून अधिक निर्वासित मायदेशी परतले. २००४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने सिंचन पुनर्वसनाचे काम सुरू झाले. भूसुरुंगांमुळे प्रत्यक्ष पाहणी धोक्याची असलेल्या भागांत उपग्रहचित्रे विशेष उपयुक्त ठरतात. कारेझच्या खोदविहिरींभोवतीचे मातीचे ढीग आकाशातून रांगेने दिसतात. १९९५ मध्ये खुली झालेली अमेरिकेची ‘कोरोना’ हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रे (१९६० ते १९७२) आणि १९७२ नंतरची ‘लँडसॅट’ चित्रे नव्या चित्रांशी ताडून पाहिल्यास कोणते क्षेत्र पूर्वी भिजत होते, हे समजते.

नकाशांच्या मर्यादा :
तथापि, शेत कोरडे पडल्याचे दिसले तरी त्याचे कारण चित्रात दिसत नाही. १९९९ ते २००१ चा दुष्काळ आणि कूपनलिकांचा उपसा यांमुळेही अनेक कारेझ आटले. शिवाय पाट कोठून जातो हे नकाशा सांगतो; पाण्याची पाळी कोणाची, हे सांगत नाही. ते ज्ञान शेतकऱ्यांनी निवडलेल्या ‘मिराब’कडे असते. खानदेशातील फड पद्धतीतील पाटकऱ्याशी त्याचे साम्य आहे. पाटाच्या शेपटाकडील शेतकऱ्यास पाणी मिळणे मिराबच्या अधिकारावर अवलंबून असते.

येथेच इतिहासाच्या अभ्यासकापुढे मूलभूत प्रश्न उभा राहतो : कोणत्या वर्षाचा नकाशा प्रमाण मानावा? १९७२ चा मानल्यास युद्धकाळात जमीन कसू लागलेल्यांचा हक्क नाकारला जातो. २००२ चा मानल्यास विस्थापितांची वहिवाट पुसली जाते.

निष्कर्ष :
संगणकीय नकाशा हे ऐतिहासिक साधन आहे. म्हणून इतर साधनांप्रमाणे त्याचीही चिकित्सा आवश्यक ठरते. मिराब व वृद्ध शेतकऱ्यांच्या मौखिक साक्षींची जोड मिळाल्यासच दुरुस्त झालेला पाट न्याय्य पाणीवाटपाचे साधन होऊ शकतो. अन्यथा त्याच पाटावरून नव्या कलहाचा प्रारंभ संभवतो.