खानदेशातील प्रवासी नावा

खानदेशातील प्रवासी नावा : जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत नदी किंवा जलाशय ओलांडण्यासाठी माणसे, जनावरे व माल वाहणाऱ्या नावा. मुंबई बंदरातील प्रवासी नौका लाँच, कॅटामरान, रो-रो अशा बांधणीवरून ओळखल्या जातात. खानदेशाला मात्र समुद्र नाही. येथील नावांचे प्रकार पाण्यावरून पडतात : वाहत्या तापीवरची तर (नदी ओलांडण्याची नावेची सोय), धरणाच्या फुगवट्यावरची नाव आणि नर्मदेच्या जलाशयातील बोट. पुलांनी पहिला प्रकार मागे टाकला, तर धरणांनी उरलेल्या दोहोंची गरज निर्माण केली.

तापीवरील तर : मुलताई (मध्य प्रदेश) येथे उगम पावणारी तापी ७२४ किमी. वाहत जाऊन सुरतजवळ समुद्राला मिळते. खानदेशात तिचे काठ उंच व घळींनी तुटलेले आहेत. उन्हाळ्यात जागोजाग उतार सापडे. पावसाळ्यात मात्र नावेवाचून गत्यंतर नसे. म्हणून नदी ओलांडण्याच्या जागांना महत्त्व आले. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याचे पहिले ठाणे असलेले थाळनेर अशाच जागी, तापीच्या काठावर वसले आहे.

तरीची नाव लाकडी, रुंद आणि सपाट बुडाची असे. उथळ पाण्यात ती बांबूने रेटत, खोल पाण्यात वल्हवत. प्रवाहाला ओढ असली की नाव आधी काठाकाठाने वर ओढून नेत आणि मग तिरकी सोडत. प्रवाहच तिला समोरच्या काठाला नेऊन लावी. हे काम प्रामुख्याने भोई व कोळी समाजांतील नावाडी करीत. मुंबई इलाख्यातील सार्वजनिक तरींसाठी १८६८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला.

१८६० च्या दशकात भुसावळजवळ तापीवर रेल्वेपूल उभा राहिला. पुढे मुंबई–आग्रा महामार्गावर सावळदे येथे आणि इतरत्र रस्त्यांचे पूल झाले. मोठ्या वाटांवरची तर त्यामुळे संपली.

फुगवट्यावरील नावा : भुसावळ तालुक्यातील हतनूर धरणाचे पाणी तापी-पूर्णा संगमावरील चांगदेवपर्यंत पसरते. महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे हे ठिकाण भाविकांना परिचित आहे. संगमाच्या पाण्यात येथे नाव चालते. खाली सुलवाडे, सारंगखेडा व प्रकाशा येथील बॅरेजांमुळे पूर्वीच्या उतारांवर आता पाणी राहते. गुजरातेतील उकाई धरणाचा फुगवटाही नंदुरबार जिल्ह्यात शिरतो. पाणी संथ व खोल असल्याने येथे बांबूचा उपयोग थोडा. वल्हे किंवा यंत्र लागते.

नर्मदेवरील बोटी : १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. मणिबेली हे त्यांपैकी एक. पाणी वाढले तशा पायवाटा बुडाल्या. अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील काठावरच्या अनेक पाड्यांना बोट हाच रस्ता उरला.

येथे भिल्ल व पावरा कुटुंबांची लहान लाकडी डुंगी मासेमारीला आणि जवळपास ये-जा करण्याला उपयोगी पडते. लांबच्या पल्ल्याला यांत्रिक बोट आणि बार्ज असतात; त्यांतून बाजाराचा माल, धान्य व प्रवासी एकत्र जातात. आरोग्यसेवेसाठी तरंगता दवाखाना व बोट-ॲम्ब्युलन्स हे खास प्रकार येथे आढळतात. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, नर्मदाकाठच्या चिमलखेडी गावाची एक अंगणवाडी सेविका बालके व गरोदर स्त्रियांपर्यंत पोचण्यासाठी स्वतः होडी वल्हवत जात असे.

सुरक्षा व कायदा : १५ जानेवारी २०१९ रोजी, मकरसंक्रांतीला, अक्राणी तालुक्यातील भूषा येथे नर्मदेत भाविकांची बोट उलटून जीवितहानी झाली. अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ हा अशा नौकांची नोंदणी, तपासणी व जीवरक्षक साधने यांविषयीचा सध्याचा केंद्रीय कायदा आहे. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ नुसार हतनूरपासून खंबातच्या आखातापर्यंतची ४३६ किमी. तापी हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०० ठरला आहे. तथापि कागदावरच्या या जलमार्गापेक्षा नर्मदाकाठच्या नियमित बोटीची निकड मोठी आहे. धरणाने ज्यांची वाट बुडवली, त्यांना सुरक्षित बोट देणे हे रस्ता बांधण्याइतकेच शासनाचे कर्तव्य ठरते.